विठू तांडेलाची तंबाखू

पूर्णगडच्या जेटीवर विठू डोर्लेकराला विठू म्हणून कुणी हाक मारत नाही. तांडेल म्हणतात. तसं पाहिलं तर प्रत्येक बोटीला तिचा तांडेल असतोच, सुकाणू धरणारा एक माणूस लागतोच. पण आमच्याकडे नुसतं 'तांडेल' म्हटलं की तो विठूच. त्याची बायको आनंदीबाईसुद्धा चारचौघांत 'तांडेल, जेवायला चला' म्हणते. मी मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर बसतो. माझ्या खुर्चीतून अख्खी जेटी दिसते, आणि दिसलेलं सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

मुचकुंदीची खाडी आमच्या गडाखाली समुद्राला मिळते. तिच्या तोंडाशी वाळू साचते, आणि ती वाळू एका जागी राहत नाही. आज जिथून बोट सुखरूप गेली तिथेच परवा तळ लागतो. अशा ठिकाणी बोट रुतली आणि मागून लाट आली तर पुढचं सांगायला नको. विठू पाण्याचा रंग बघून बोट काढायचा. कुठे गढूळ, कुठे हिरवट, कुठे फेस उलटा फिरतो, हे तो कसं ओळखायचा ते त्याने कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "डोळे हायत ना तुला?" समजावून सांगणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शब्द खर्चायला तो इतका चिक्कू की लग्नाच्या आमंत्रणालाही मानेनेच होकार द्यायचा.

त्याच्या 'गजलक्ष्मी' बोटीवर एक कायदा होता. तांडेल सांगेल ते खरं. खाडीच्या तोंडावर मतदान घेत नाहीत, असं तो म्हणायचा, आणि ते बरोबरच होतं. पण हा कायदा जेटीवरही चालायचा. बोटीत खलाशी त्याच्याशी कितीही भांडोत, परक्या माणसासमोर तांडेलाचा शब्द कुणी खोडायचा नाही. मासळीच्या व्यापाऱ्यासमोर विठूने बांगड्याला सुरमई म्हटलं असतं तरी सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

दुसरी रीत तंबाखूची. बोट सुटण्याआधी विठू नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून डबी काढायचा, तळहातावर तंबाखू घ्यायचा, चुना लावून अंगठ्याने चांगली मळायचा. पहिली चिमूट दर्याला, मग उरलेली एकेका खलाशाला. प्रत्येकाने तांडेलाच्या तळहातावरूनच घ्यायची. एका हाताची तंबाखू खाल्ली की बोटीत भांडण टिकत नाही, असा आमच्याकडचा समज. सगळ्यांच्या ओठाखाली ती गेली की इंजिन चालू व्हायचं. तंबाखू वाईट हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर तसं चित्रही आहे, आणि त्याच्याच खाली लोक थुंकतात.

विठू आणखी एका गोष्टीसाठी ओळखला जायचा, आणि ती गोष्ट फारशी चांगली नाही. त्याच्याआधी 'गजलक्ष्मी'चे तांडेल त्याचे सख्खे चुलते होते, आप्पा. त्यांनीच विठूला लहानाचा मोठा केला आणि दर्या दाखवला. आप्पांना चक्कर यायला लागली. एकदा सुकाणूवर त्यांचा हात थरथरला, बोट जरा वाकडी गेली, बाकी काही झालं नाही. बोट परत आल्यावर विठूने सगळ्या जेटीदेखत सांगितलं, "हात थरथरला की सुकाणू सोडायचं. उद्यापासून तुमी येऊ नका." दुसऱ्या दिवसापासून आप्पा जेटीवरच्या जुन्या दगडी कट्ट्यावर येऊन बसायला लागले. अजून बसतात. बोटी बघतात, आणि संध्याकाळी घरी जातात. विठू त्यांना घरून जेवण पाठवायचा, औषधपाणी बघायचा, सगळं करायचा. पण त्या कट्ट्याजवळून जाताना तो कधी थांबला नाही. त्या कट्ट्यावर टेकताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. निर्णय बरोबर होता, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. पण माणसाने बरोबर बोलायलासुद्धा जागा बघावी.

आता पुढचं जे सांगतो ते मला मागाहून कळलं. गेल्या पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असताना विठूच्या छातीत दुखलं. तो कुणाला न सांगता एस.टी.त बसून रत्नागिरीला गेला आणि डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. दुखायला लागलं की गोळी ठेवा आणि लगेच खाली बसा, असं सांगितलं. तंबाखू सोडा, पुढच्या तपासण्या करा, आणि तोवर दर्यावर जाऊ नका, असंही सांगितलं. विठूने गोळ्या तेवढ्या घेतल्या. बाकीचं दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून आला.

कारण उघड आहे. आजार कळला असता तर त्याचाच कायदा त्याला लागू झाला असता. आणि तो लागू करायला सगळी जेटी टपलेली होती असं नाही, पण विसरलेलीही नव्हती. दर्या सोडून विठूला दुसरं काही येत नाही. जमिनीवर तो चालतोसुद्धा अवघडल्यासारखा.

मग गोळ्या ठेवायच्या कुठे? खिशात ठेवल्या तर आनंदीबाई कपडे धुताना खिसे तपासते. बोटीत पाकीट काढलं तर चांदीचा कागद कुरकुरतो, खलाशांचे कान तिखट. म्हणून विठूने गोळ्या कागदातून काढल्या आणि सुट्या करून तंबाखूच्या डबीत, तंबाखूच्या खाली ठेवल्या. डबीला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही. डबी काढली की तंबाखू खातोय असंच सगळे समजणार. चोरून दूध पिणाऱ्या मांजराइतकीच ही अक्कल. डबी दिवसभर कंबरेला हलत होती, आणि गोळ्या तर खडूसारख्या ठिसूळ. त्यांचा चुरा झाला आणि तंबाखूत मिसळला. विठूला पांढरे कण दिसले असतील, तर तो ते चुन्याचे समजला असेल.

बोटी सुटल्या आणि 'गजलक्ष्मी'वर डोकेदुखी सुरू झाली. बोट खाडीबाहेर पडली की सगळ्यांची डोकी ठणकायला लागायची, कान गरम, तोंडं लाल. आधी इंजिनच्या धुराला दोष दिला. रामा हा बोटीचा इंजिन ड्रायव्हर, विठूच्या खालोखाल त्याचाच मान. त्याने इंजिनच्या धुराचा पाइप बदलला. डोकी दुखतच राहिली. मग कुणीतरी म्हणालं, देवाचं काहीतरी राहिलंय. गडाखालच्या देवाला नारळ दिला, कोंबडाही दिला. गुरवाने कौल लावला आणि सांगितलं, घरातलंच माणूस आहे. सगळ्यांनी एकमेकांकडे संशयाने बघितलं. गुरव बिचारा अंदाजाने बोलला असेल, पण अगदी चुकला असं आता म्हणवत नाही.

दिवाळीनंतर किनाऱ्यावर तपासण्या वाढल्या. समुद्रातून काही स्फोटक माल उतरण्याची शक्यता आहे, असं वरून आलं होतं म्हणे. खरं-खोटं वरच्यांना ठाऊक. एक दिवस सकाळी भरतीच्या सुमाराला सुरक्षेची जीप जेटीवर आली. तिच्यातून राजश्री नावाच्या मॅडम उतरल्या, बरोबर दोन शिपाई. मॅडमच्या हातात एक यंत्र होतं, सुताराच्या ड्रिल मशिनएवढं. कागदाची पांढरी पट्टी माणसाच्या तळहातावर पुसायची आणि यंत्राच्या तोंडात द्यायची. हाताला स्फोटकाचा कण लागलेला असेल, डोळ्यांना न दिसणारा का असेना, तर यंत्र ओरडतं आणि लाल दिवा लागतो. नाहीतर हिरवा. मॅडमनी हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. घाबरू नका, म्हणाल्या. असं म्हटलं की आमची माणसं जास्त घाबरतात.

पहिल्या दोन बोटींना हिरवा लागला. मग 'गजलक्ष्मी'ची पाळी आली. बोट सुटायच्या बेतात होती, तंबाखू नुकतीच वाटून झाली होती. रामाने हात पुढे केला. पट्टी पुसली, यंत्रात दिली, आणि यंत्र असं कर्कश ओरडलं की जाळ्यावरचे कावळे उडाले. मॅडमनी नवी पट्टी घेतली. पुन्हा लाल. मग दुसरा खलाशी, तिसरा, सगळे. एकूण एक लाल. शेवटी विठू. त्याच्या हाताला तर यंत्र थांबेचना.

माझ्या पंपावर एक जण डिझेल भरत होता, त्याने नळी तशीच धरून ठेवली आणि डिझेल जमिनीवर गेलं.

मॅडम शांत होत्या. त्या म्हणाल्या, "यंत्र ओरडलं म्हणजे स्फोटकच आहे असं नाही. काही खतांनीही असं होतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात त्या गोळीनेही होतं. तिची आणि सुरुंगाच्या दारूची जात जवळजवळ एकच. तुमच्यात कुणी अशी गोळी घेतं का?"

बाईंनी उत्तर असं ताटात वाढून ठेवलं होतं. मी विठूकडे बघत होतो. त्याचा हात कंबरेच्या डबीवर गेला आणि तिथेच राहिला.

"नाय," तो म्हणाला. "आमच्या बोटीवर कोण आजारी नाय."

"मग खत? आंब्याच्या बागेत काम केलंत का कुणी?"

"नाय."

"सुरुंगाची दारू?"

विठूला तेवढी फट दिसली आणि तो तिच्यात शिरला. "व्हय. तिकडं पावस गावात विहीर पाडतायत. दगड लागला म्हणून सुरुंग लावतायत. तिथं गेल्तो मदतीला. तिथंच लागली असंल."

आयुष्यात एवढं लांब बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं. विहिरीचं खरं होतं. पावसला रामाच्या मेव्हण्याकडे ते काम चालू होतं, ते साऱ्या गावाला माहीत होतं. पण विठू तिकडे फिरकलासुद्धा नव्हता. 'आजारी' हा शब्द टाळण्यासाठी माणूस सुरुंगाच्या दारूत हात घालायला तयार झाला होता.

मॅडमनी रामाला विचारलं, "तुम्हीही होतात?"

रामाने विठूकडे पाहिलं. परका माणूस समोर होता आणि तांडेल बोलून बसला होता. रामा म्हणाला, "तांडेल सांगतायत तेच खरं."

"आणि तुम्ही?" त्यांनी पुढच्या खलाशाला विचारलं.

"तांडेल सांगतायत तेच."

शेवटच्या माणसापर्यंत हेच उत्तर. मॅडमनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. "एका विहिरीवर अख्खी बोट गेली होती?"

"व्हय," सगळे एका सुरात म्हणाले. मला हसू आवरेना, आणि हसायची तर वेळ नव्हती.

शिपायाने पावसला फोन लावला. मेव्हणा म्हणाला, इथे बाहेरचं कुणी आलेलं नाही, रामा तेवढा येऊन बघून गेला, दारूला त्याने हात लावला नाही. झालं. आता सगळी बोटच खोटं बोलत होती, आणि एकाच माणसाचं विहिरीशी नातं होतं. मॅडमचा आवाज बदलला नाही, पण चेहरा बदलला. त्या रामाला म्हणाल्या, "दारू तुम्ही तिकडून आणून बोटीवर ठेवलीत का? कशासाठी? तुम्हाला आमच्याबरोबर रत्नागिरीला यावं लागेल. बोट इथेच राहील."

तरी रामाने तांडेलाचा शब्द खोडला नाही. शिपायाने त्याच्या दंडाला धरून जीपकडे नेलं. जीपमध्ये चढताना त्याने एकदाच मागे बघितलं. विठूने एक शब्द टाकावा, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. मला विठूचा राग आला. अजूनही आठवलं की येतो. एवढा मोठा तांडेल, आणि त्याच्याच कायद्याने तोंड शिवलेला माणूस जीपमध्ये चढतोय आणि हा उभा राहून बघतोय.

जीप चालू झाली तेव्हा विठू तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, त्याला उतरवा," तो म्हणाला. "त्याचा काय संबंध नाय."

त्याने कंबरेची डबी काढली, उघडली, आणि तंबाखूत बोट घालून तळातून एक पांढरी, अर्धी झिजलेली गोळी बाहेर काढली. ती त्याने तळहातावर ठेवून मॅडमच्या पुढे धरली. मॅडमनी डबीच्या आतून पट्टी फिरवली आणि यंत्रात दिली. मघासारखंच ओरडणं. मग त्यांनी ते यंत्र बंद केलं.

"डॉक्टरांचा कागद आहे?" मॅडमनी विचारलं.

"घराच्या कौलाखाली लपवलाय," विठू म्हणाला.

कागद आला, तपासला गेला, मॅडमनी रत्नागिरीला डॉक्टरांशी फोनवर बोलून खात्री केली. बोटीचा कोपरान् कोपरा त्यांनी तपासला, काही निघालं नाही. त्या विठूवर चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं की." आणि डबी फेकून द्या, हात साबणाने धुवा, असं सांगून पुढच्या बोटीकडे वळल्या.

चिडला रामा. जीपमधून उतरला तो सरळ विठूपाशी आला. परकी माणसं अजून जेटीवर होती, पण त्याने कायदा बाजूला ठेवला.

"आमची डोकी दुखली त्याचं काय नाय, तांडेल," तो म्हणाला. "मला जीपमधी बसवलंत, त्याचं पण काय नाय. पण खाडीच्या तोंडावर लाट मागं असताना तुमाला कळ आली असती तर? आमची पोरं कोणी बघितली असती?"

कट्ट्यावर आप्पा बसले होते. त्यांनी मान वळवून समुद्राकडे बघायला सुरुवात केली. त्या क्षणी विठूला टोमणा मारायचा हक्क असलेला एकच माणूस होता, आणि तोच तेवढा दुसरीकडे बघत होता.

विठूने बोटीकडे बघितलं, मग रामाकडे. "आली व्हती एकदा कळ," तो म्हणाला. "तोंडावरच. हात थरथरला माजा." आणि मग, जसं आप्पांना सांगितलं होतं तसंच, सगळ्यांदेखत, तेवढ्याच कोरड्या आवाजात म्हणाला, "सुकाणू तू घे."

त्या भरतीला बोट गेली नाही. त्यानंतर विठू काही दिवस जेटीवर आलाच नाही. आनंदीबाईने त्याला रत्नागिरीला नेऊन सगळ्या तपासण्या करून आणल्या, आणि वाटेत जाताना-येताना काय काय सुनावलं असेल त्याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. खलाशांची डोकी दुखायची बंद झाली. कोंबड्याचे पैसे विठूकडून वसूल करावेत असं एक-दोघं गमतीने म्हणाले, पण त्याच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही.

मग एका सकाळी तो आला. नवा, इस्त्रीचा शर्ट, आणि कंबरेला डबी नाही. 'गजलक्ष्मी' सुटायची होती. रामा नाळेवर उभा होता, हातात तंबाखूची नवी डबी. विठूला बघून तो गोंधळला. खाली उतरला आणि डबी त्याच्यापुढे धरली.

"तुमीच मळा," रामा म्हणाला. "तुमच्या हातची सवय हाय."

विठूने डबी घेतली नाही. "बोट ज्याची, हात त्याचा," तो म्हणाला. "मळ तू. चुना कमी लाव, जास्त लावायची तुजी खोड हाय."

रामाने तंबाखू मळली. पहिली चिमूट दर्याला टाकली. मग एकेका खलाशाने त्याच्या तळहातावरून घेतली. सगळ्यांच्या शेवटी, एखाद्या खलाशासारखा, विठूने जेटीवरूनच हात पुढे केला. एवढ्या वर्षांत त्याने दुसऱ्याच्या तळहातावरून तंबाखू घेतलेली कुणी पाहिली नव्हती. रामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते धुरावर ढकललं, पण इंजिन अजून चालू व्हायचं होतं.

विठूने ती चिमूट तोंडात टाकली नाही. बोट सुटल्यावर ती पाण्यात सोडली.

'गजलक्ष्मी' खाडीच्या तोंडाकडे निघाली. विठू जेटीच्या कडेला उभा राहून बघत होता. रामाने बोट जरा उजवीकडे घेतली तसा विठूचा हात हवेत डावीकडे वळला, जणू बोटीच्या उलट फिरणारा सुकाणूचा दांडा त्याच्याच मुठीत आहे. बोट वर उचलली गेली, खाली आली, आणि पलीकडच्या निळ्या पाण्यात गेली. तेव्हा त्याचा हात छातीवर गेला.

त्याने शर्टाच्या वरच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. चांदीचा कागद कुरकुरला. मला पंपावर ऐकू आला, म्हणजे सगळ्यांनाच आला असेल. विठूने कुणाकडे पाठ केली नाही. गोळी जिभेखाली ठेवली आणि इकडेतिकडे बघितलं. डॉक्टरांनी लगेच बसायला सांगितलं होतं, आणि जेटीवर बसायला एकच कट्टा आहे.

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते नुसते थोडे पलीकडे सरकले, आणि विठू त्यांच्याशेजारी बसला.